रिठदचा मुन्ना, सोमवारी अकरा वाजता

"नंबर कायचा विचारतं रे बावा? मुन्ना म्हन आन् लाव. मांगच्या दोन सालाले नंबर सांगतला होता काय म्या?"

"तसं नाई ना बाई. मालकानं कागद लावला भितीवर. जे लावाचं ते लिहून घ्याचं म्हने. नाव, गाव, तारीख, समदं."

"मंग लिही ना. रिठद. मुन्ना मारोतराव. सोमवारी, दिवसाच्या अकरा वाजता. झालं? आता ह्या शेंगा घे. आन् थैली रिकामी करून दे, एकच हाय माह्याजवय."

केबलवाल्या वहाबनं लिहिलं. तुरीच्या शेंगा टेबलाखालच्या खोक्यात ओतल्या, थैली झटकली, घडी घालून परत दिली. मनकर्णाबाई उंबऱ्यावरच बसली होती. आत मशिनींसाठी थंडगार करून ठेवलेलं असतं, आणि त्या गारव्यानं तिचे गुडघे धरतात. शिवाय आत यायचं तर चपला जिन्यात काढायच्या, आणि रिसोडच्या बसस्टँडजवळ चपला जिन्यात काढून ठेवण्याएवढी ती भोळी नव्हती.

"गहू कसा हाय अवंदा?" वहाबनं विचारलं.

"गव्हाले काय झालं? गहू बरा हाय. पानी द्याले मानूस नाई."

डाळीत मीठ नाही म्हणावं, तसं म्हणाली. मग गुडघ्यावर हात देऊन उठली.

"टीवी ओट्यावर काढाचा हाय यंदा. घरात मानसं मावत नाईत. मांगच्या साली भागिरथाबाईच्या घरचे समदे दारात उभेच होते. किती वाजता म्हनलं म्या?"

"अकरा."

"अकराच. साडेअकराले पंगत बसते. येतो मी, वाशिमची गाडी निघून जाईन."

ती जिना उतरली. वहाब खुर्चीत वळला आणि सोमवारची यादी उघडून बसला.

रिठदचा मुन्ना हा मनकर्णाबाईचा आणि मारोतरावचा एकुलता एक. शाळेच्या दाखल्यावर त्याचं वेगळं नाव होतं, पण ते मास्तरशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. शेती करायचा आणि नकला करायचा. पाच वर्षांमागं वहाबच्या चॅनलवर 'गावचा गडी' असा एक कार्यक्रम चालायचा. ज्याला जे येतं ते त्यानं या खोलीत येऊन कॅमेऱ्यापुढं करून दाखवायचं. कोणी पेटी वाजवायचा, कोणी दातानं नारळ सोलायचा. मुन्ना आला, त्यानं सुट्ट्यासाठी भांडणारा कंडक्टर काढला, थंडीत सुरू न होणारा ट्रॅक्टर काढला, माईक हातात आला की आधी खोकणारा पुढारी काढला. शेवटी म्हणाला, "आता माही माय." गळ्यातला दुपट्टा पदरासारखा तोंडाला लावला, मान वाकडी केली, आणि बांधावरून मारावी तशी लांब हाक मारली: "मुन्नाऽऽ! भाकर थंडी होऊन राह्यली नाऽऽ! येतं का नाई रे मुडद्याऽऽ!"

कॅमेरा धरणारा बाबा नावाचा पोरगा हसून हसून वाकला होता, म्हणून शेवटी शेवटी चित्र जरा हलतं. सगळं मिळून सहा मिनिटं चाळीस सेकंद.

त्यानंतर दोन वर्षांनी, पुसाच्या महिन्यात, मुन्ना गव्हाला पाणी द्यायला गेला. मोटर सुरू करायला पेटीला हात लावला तो तिथंच चिकटला. खिशातला मोबाईल त्याच्यासंगंच जळाला, आणि नकलेची एक प्रत होती ती त्याच मोबाईलात होती. जा, मोटर लावून ये, असं त्याला मारोतरावनं सांगितलं होतं. तेव्हापासून मारोतरावचं बोलणं कमी झालं. मग ऐकणंही कमी झालं. डॉक्टर म्हणाला वयामुळं. मनकर्णाबाई म्हणाली, असं कसं बाप्पा, वय तर माझंही झालं.

वर्ष भरलं तेव्हा ती पहिल्यांदा हा जिना चढून आली होती. लोक अशा दिवशी पेपरात फोटो देतात, केबलवर हार घातलेला फोटो फिरवतात. वहाबनं तेच विचारलं, फोटो आणला का म्हणून. तर म्हणाली, "फोटोत मानूस गप बसते. माहा पोट्टा गप बसनारा नोता. तू त्याची कॅसेट लाव."

तेव्हापासून हा एक रिवाजच पडला. त्या दिवशी अकराला रिठदची ती गल्ली टीवीपुढं बसते. कंडक्टर आला की हसते, खरंच हसते, बाया पदर तोंडात कोंबतात. पुढाऱ्याला पोरं टाळ्या वाजवतात. मग ती हाक येते आणि गल्ली चूप होते. मारोतराव टीवीच्या अगदी अंगाला बसलेला असतो, कान आवाजाच्या जाळीला लावून. वर्षातून तेवढं एक त्याला ऐकू येतं. मग मनकर्णाबाई उठते आणि म्हणते, चला, पंगतीले बसा.

वहाबनं पहिल्याच साली सांगितलं होतं, पेनड्राइव्हवर भरून देतो, घरी ठेवा. तिनं हात झटकला होता. "घरी कायले? घरात उंदरं हायेत फकस्त. तुह्याजवय तीन तीन मशिना. तुह्याजवयच राहू दे, माह्याजवून हरपन."

आणि वहाब छाती काढून म्हणाला होता, "बाई, कयामतपर्यंत हालत नाई मंग ते इथून."

वहाबचा जन्म दुसऱ्याचं चित्र तिसऱ्याच्या घरी पोचवण्यात गेला. बाप रिसोडच्या बाजारात भांड्यांना कल्हई करायचा. वहाबला त्या धुराचा खोकला यायचा, म्हणून त्यानं टीवी धरला. सायकलच्या कॅरेजला टीवी, पुढच्या दांड्याला व्हीसीआर, आणि गावोगाव पिक्चर. मग केबल आली. खांबावर चढला, वायरी ओढल्या, लिंबाच्या फांद्या तोडल्या, एकदा धाडकन खाली आला. डावा पाय तेव्हापासून मागून येतो. केबलचा मालक बाबूसिंग म्हणाला, "वर चढता येत नाई, त आत बस." वहाब आत बसला, त्याला आता बावीस वर्षं झाली.

आत म्हणजे बाबूसिंगच्या दुकानावरची ही खोली. तीन सर्वर, म्हणजे तीन काळ्या पेट्या, एकीवर एक रचलेल्या. काम एकच. पोटात चित्रं साठवायची, आणि यादीत लिहिलेल्या टायमाला एकेक बाहेर ओकायची. सकाळी आरत्या आणि पैगंबराची स्तुती गाणारे नात, दुपारी पिक्चर, मधे मधे किराणा, साडी सेंटर, दातांचा दवाखाना, संध्याकाळी बाजारभाव. यादी भरायची वहाबनं. एक फाईल संपली आणि दुसरी जागेवर सापडली नाही तर पडदा काळा पडतो. बावीस वर्षांत वहाबचा पडदा किती वेळा काळा पडला ते तो बोटांवर सांगायचा, आणि त्यातल्या तीन बोटांना वीज मंडळ जबाबदार होतं.

आधी ह्या पेट्या एका जागी नव्हत्या. एक इथं रिसोडला, एक मालेगावला, एक शिरपूरला. तिन्ही गावांचे चॅनल वेगळे, पण चित्रं भरायला, काढायला वहाबच. पेनड्राइव्ह खिशात घालून एसटीनं फिरायचा. कोणती फाईल कोणत्या पेटीत आहे हे त्याला पाठ होतं. बाईला कोणत्या डब्यात मेथी आहे ते पाठ असतं, तसं. जागा कमी पडली की तो ज्या गावचं त्या गावात ठेवायचा, बाकीच्या दोन पेट्यांतून काढून टाकायचा. रिठद रिसोड तालुक्यातलं, म्हणून मुन्नाची नक्कल फक्त रिसोडच्या पेटीत राहिली होती.

फायलींना नाव द्यायची वहाबची आपली एक तऱ्हा होती. माणूस दारात येऊन ज्या नावानं मागेल, तेच फाईलचं नाव. 'आमच्या साधनाचं लग्न लाव' म्हटलं की साधना. 'आमच्या मुन्नाचं लाव' म्हटलं की मुन्ना. बाबूसिंगनं दोनदा टोकलं होतं. "वहाबभाई, गाव टाका, साल टाका, नंबर टाका."

वहाब म्हणाला होता, "मालक, नंबर जेलात देतात मानसाले. माह्याजवय लोक नावानं येतात."

खाली दुकानात बसलेले सगळे हसले होते. बाबूसिंगही हसला होता. वहाबला ते वाक्य इतकं आवडलं की त्यानं ते पुढं कितीदा तरी वापरलं.

तर त्या दुपारी मनकर्णाबाई गेली आणि वहाबनं यादीत अकराच्या घरात 'मुन्ना' भरलं. यादी शेजारी आपोआप वेळ दाखवते. दाखवली: एक्केचाळीस मिनिटं.

वहाबला वाटलं, डोळे. चष्मा पुसला. एक्केचाळीसच. मग फाईल उघडली.

आधी त्याला हसूच आलं. पडद्यावर त्याचाच पोरगा होता. त्याचा मुबश्शिर, घरात ज्याला सगळे मुन्ना म्हणतात, शेरवानी घालून, फुलांच्या सेहऱ्याआडून दात काढत होता. मालेगावच्या मंडपात, यूसराशी निकाह झाला त्या दिवशीचं. सोयऱ्यांना पाहायला मिळावं म्हणून वहाबनंच हौसेनं मालेगावच्या चॅनलवर लावलं होतं. पोराच्या अंगावर त्या दिवशी काय नूर होता, असं वहाबच्या मनात आलं. आणि मग हळूहळू, खांबावरून हात सुटल्यावर जमीन वर यावी तसं, त्याला समजलं.

दिवाळीनंतर बाबूसिंगनं मालेगाव आणि शिरपूरच्या खोल्या सोडल्या होत्या. अर्ध्या गावानं मोबाईल धरला, केबल पाहतं कोण? दोन्ही पेट्या टेम्पोत घालून रिसोडला आणल्या, आणि म्हणाला, समदं एका पेटीत जमा करा, बाकीच्या दोन तिच्यावरून भरू. मालेगावचंच आठ दिवसांचं काम होतं, दोन दिवस मिळाले; शिरपूरचं मागं राहिलं. वहाबनं मालेगावचं गाठोडं उचलून रिसोडच्या पेटीत टाकलं. तेव्हा मशीननं विचारलं होतं. चौकट आली होती पडद्यावर, इंग्रजीत. ह्या नावाच्या फायली इथं आधीच आहेत, तुमच्या ह्या त्यांच्यावर ठेवू काय? एकशे अठरा फायली होत्या तशा. वहाबला वाटलं, तेच ते पिक्चर, तीच ती जाहिरात, तिन्हीकडं तेच तर आहे. त्यानं 'सगळ्यांवर ठेव' दाबलं आणि चहा प्यायला खाली उतरला.

चहा पिऊन वर येईस्तोवर मालेगावचा मुन्ना रिठदच्या मुन्नावर जाऊन बसला होता.

वहाबनं तिन्ही पेट्या पालथ्या घातल्या. कचऱ्याची टोपली पाहिली. जुने पेनड्राइव्ह, टेबलाच्या खणातल्या खरडलेल्या सीड्या, बंद पडलेला एक मोबाईल. कॅमेरा धरणाऱ्या बाबाला फोन लावला. तो आता सुरतेला कापडाच्या दुकानात होता. म्हणाला, "काका, ते कार्ड त कवाच गेलं. पन काय पोट्टं होतं ना ते? काढते काय अजून नकला?" वहाबनं काहीतरी बोलून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दिवसभराची यादी शिरपूरच्या पेटीवर लावली, रिसोडच्या पेटीतली डिस्क काढली, रुमालात गुंडाळली आणि वाशिम गाठलं. तिथं गेलेला डेटा काढून देणारा एकजण आहे. त्यानं दुपारभर डिस्क लावून ठेवली, आणि मग चष्मा कपाळावर सारून म्हणाला, "नुसतं मिटवलं असतं तर काढून दिलं असतं. इथं त्याच जागेवर दुसरं लिहिलं गेलं, भाऊ. पाटी पुसून वर लिहिल्यावर खालचं कसं वाचू?"

"थोडंसंबी नाई? नुसता आवाज?"

"आवाजही नाही."

येताना गाडी रिठदच्या फाट्यावर थांबली. वहाब खिडकीकडची मान फिरवून बसला.

घरी जैतुनबीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ताट पुढं ठेवलं आणि समोरच बसली. "मुन्नाके अब्बा, दो दिनसे क्या हुआ तुमको?"

त्यानं सांगितलं. सांगताना भाकरीचे तुकडे करत राहिला, खाल्ला एकही नाही. जैतुनबी ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "हमारे मुन्नाका वलीमा, निकाह, सब अलमारीमें है. यूसराके मायकेमें है. उसके मोबाईलमें है, मेरे मोबाईलमें है."

वहाबनं भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला.

"उसका एकही था ना?"

"एकच होतं."

"तो जाके मुँहपे बोलो. फोनपे नक्को बोलना."

रविवारी दुपारी वहाब रिठदला उतरला. मनकर्णाबाईच्या अंगणात शेणाचा ताजा सडा होता. टीवी खरंच ओट्यावर आणलेला होता, त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून जुनं लुगडं घातलेलं. मारोतराव ओट्याच्या कडेला बसून टीवीच्या वायरीला चिंधी गुंडाळत होता. वहाबला पाहून त्यानं हात वर केला आणि चिंधी गुंडाळत राहिला.

"आज कसा काय?" मनकर्णाबाई सुपात गहू पाखडत होती. "अरे, सोमवार उद्या हाय ना!"

"बाई, जरा बोलाचं होतं."

"मंग बोल. पाहुना आल्यावानी उभा काहून?"

वहाब खाली बसला, पाय पुढं पसरून, कारण तो पाय मुडपत नाही. आणि त्यानं सांगितलं. बसमधे त्यानं कितीतरी तऱ्हांनी जुळवलं होतं, मालकाची घाई, एकशे अठरा फायली, इंग्रजी चौकट. तोंडातून मात्र एवढंच निघालं, "बाई, मुन्नाची नक्कल माह्याजवून पुसली गेली. आता कोठीच नाई."

सूप थांबलं.

"तीन मशिना हायेत म्हनत होता तू."

"हायेत."

"तिघींतबी नाई?"

"नाई."

"कशी काय पुसली? आपसूक?"

इथं त्याला खोटं बोलता आलं असतं. वीज गेली म्हणता आलं असतं, मशीन जळालं म्हणता आलं असतं. तिला काय कळणार होतं? पण जैतुनबी त्याच्या तोंडापुढं बसलेली होती, घरी असून.

"माह्या पोराच्या लग्नाची फाईल होती. तिचंबी नाव मुन्नाच. दोन्ही एका जागी टाकल्या, तवा ते तुमच्या मुन्नावर जाऊन बसली. मशीननं इचारलं होतं मले. म्याच हो म्हनलं."

मनकर्णाबाईनं सुपातला एक खडा उचलला, अंगणात फेकला. कोंबड्या धावल्या, खडा पाहून परतल्या.

"शेजाऱ्यानं बांध कोरला," ती म्हणाली, "त मोजनी आनता येते. सरकारी मानूस येते, साखयी टाकते, खुना दाखवते. याची मोजनी कोनाले आनू मी? आं?"

वहाबनं संगं आणलेली थैली जवळ ओढली.

"म्या कायले ठेवली होती तुह्याजवय? घरी हरपन म्हनून. घरी कोन हरपवलं असतं रे? हा म्हातारा? का मी? दोनच त मानसं घरात. अन् तू म्हने कयामत!" तिचा आवाज चढला होता. ओट्यावरून मारोतरावनं मान वर केली.

"काय म्हनते वहाबभाऊ?"

मनकर्णाबाई वळली. मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हणाली, "काही नाई! उद्याचं विचाराले आला! अकरा वाजता म्हने!"

मारोतरावनं मान हलवली. चिंधीला गाठ मारली, दातानं उरलेली कड तोडली.

"त्याईले सांगा लागन ना, बाई," वहाब हळू म्हणाला.

"मी सांगतो. तू नको तोंड उघडू. म्या कसं सांगाचं ते मी पाहीन."

मग वहाबनं बसमधे शेवटी जुळवलेलं बोलून टाकलं. "बाई, कॅमेरा आनला हाय म्या थैलीत. तुमी उभ्या राह्या. मुन्ना कसा करे ते सांगा, आन् ते शेवटची हाक तेवढी मारा. तुमचीच त हाक होती ते. तेच लावू उद्या. मारोतरावले आवाज त ओयखू येईन."

ती त्याच्याकडं पाहत राहिली. त्यात राग नव्हता. रागापेक्षा वाईट काहीतरी होतं. दुकानात माणूस चुकीचं माप देतो आणि आपल्याला परत समजावतो, तेव्हा त्याच्याकडं पाहतात तसं.

"म्या हाक मारली त हाकच होते ते," मनकर्णाबाई म्हणाली. "नक्कल नाई होत. नक्कल कराले तोच पाह्यजे."

आणि सूप पुन्हा हलवायला लागली. जरा वेळानं, जात्यावर बोलावं तसं, स्वतःशीच बोलली. "हाक माराच्या आंधी मी पदर तोंडाले लावतो, हे मले मालूमच नोतं. साठ वर्षांत कोनी सांगतलं नाई. त्या टीवीतच समजलं. आता हाकबी मारत नाई मी कोनाले."

वहाब उठला. जाताना तिनं विचारलं, "तुह्या मुन्नाले लेकरं किती?"

"एक पोरगी हाय. दीड वर्षाची."

"हं," ती म्हणाली. दुसरं काही म्हणाली नाही. बस म्हणाली नाही, पाणी दिलं नाही. रिठदला त्याला पाणी न विचारता कोणी वाटेला लावलं, असं वहाबच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं, आणि फाट्यावर गाडीची वाट पाहताना त्याला ते बरोबरच वाटलं.

सोमवारी साडेदहालाच तो खोलीत बसला होता. यादीत अकराचं घर रिकामं होतं, सहा मिनिटं चाळीस सेकंदांचं. रिकामं सोडलं तर पडदा काळा पडेल. काही घालावं तर काय घालावं? भजन घालावं, तर कोण मेलं म्हणून सगळा तालुका विचारेल. साडी सेंटर घालवेना. पिक्चरचं गाणं घालवेना. त्या लांबीचं नेमकं बसेल असं त्याच्याजवळ एकच होतं, शनिवारचे बाजारभाव. ते त्यानं घातले. अकरा वाजले, यादीतली वेळ दाखवणारी लाल रेघ त्या घरात शिरली, आणि निळ्या पट्टीवर सोयाबीन, तूर, हरभरा सरकू लागले. वहाब रेघेकडं पाहत राहिला. ती कधी इतकी हळू सरकली नव्हती.

साडेअकराला फोन वाजला. मनकर्णाबाई होती. मागं पंगतीचा कालवा ऐकू येत होता, कोणीतरी वरण मागत होतं.

"बाजारभाव लावले तू."

"हो बाई."

"पाह्यले. तूर उतरली म्हने."

"हो. जराशी उतरली."

मग म्हणाली, "हे अजून बसेल हायेत टीवीजवय. कान लावून. पंगतीले उठून नाई राह्यले."

"तुमी सांगतलं नाई त्याईले?"

"सांगतलं ना. राती सांगतलं, आज सकायी सांगतलं. दोनी डाव मान हालवली." फोनवर तिनं श्वास घेतला. "ऐकू आलं का नाई, मालूम नाई. टीवी बंद कराले गेली त हात धरते. म्हनते, येईन तो आता."

तेवढ्यात कोणीतरी तिला हाक मारली, वरण संपलं म्हणून. "येतो," ती तिकडं ओरडली, आणि फोन बंद झाला.

खालून बाबूसिंगचा आवाज आला, "वहाबभाई, शिरपूरचं गाठोडं झालं का भरून?"

"भरून राह्यलो मालक," वहाब म्हणाला.

शिरपूरच्या पेटीतलं अजून भरायचंच होतं. त्यानं खुर्ची पुढं ओढली, पहिल्या शंभर फायली उचलल्या आणि रिसोडच्या पेटीत टाकल्या. तीच चौकट आली. ह्या नावाच्या फायली इथं आधीच आहेत. बावीस होत्या. वहाबनं माऊसवरचा हात काढून घेतला, कागद ओढला, पेन उघडलं. चौकट बंद केली आणि नावं वाचली. पहिलंच नाव होतं साधना.

त्यानं रिसोडची साधना उघडली. कुठल्याशा मंडपात हळद लावलेली एक मुलगी करवल्यांमधे बसून हसत होती. कोण होती, कुठली होती, ते वहाबला आठवेना. त्यानं आवाज वाढवला. कोणीतरी तिच्या बापाचं नाव घेईल, गावाचं नाव घेईल, म्हणून पेन धरून तो ऐकत बसला.